‘देवानेच केलं’ हे उत्तर घरच्या घरी तपासायचं कसं

पुण्यात देवावरून वाद व्हायला निमित्त लागत नाही. गणपती बसायच्या आधी वर्गणीवरून होतो, पालख्या आल्या की ट्रॅफिकवरून होतो, बारावीचा निकाल लागला की नवसावरून होतो, आणि दर वेळी शेवट तोच, एक जण म्हणणार "विज्ञानाला सगळं कळतं का?", दुसरा म्हणणार "मग लहान मुलांना कॅन्सर कोण देतो?", तिसरा चहा मागवणार आणि विषय पार्किंगवर जाणार. वाद घालायला माझी ना नाही, पण घालायचाच तर जरा नीट घाला, म्हणून ही कृती लिहून ठेवतेय. साहित्य फार लागत नाही. एक कागद, एक चमचा दूध, आणि समोर न चिडणारं एक माणूस, हे तिसरं मिळणं अवघड.

आधी कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा "माणसं देव का मानतात" आणि उजवीकडे लिहा "देव मानला तर कशाचा उलगडा होतो". हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि निम्मी भांडणं डावीकडचं सामान उजवीकडे टाकल्यामुळे होतात. आजी म्हणते "एवढी कोट्यवधी माणसं मानतात, ती काय सगळी खुळी?", हे डावीकडचं सामान. इंजिनिअरिंगला गेलेला भाचा म्हणतो "तुम्ही सगळे भीतीपोटी मानता", हेपण डावीकडचंच. दोघांनाही वाटतं आपण उजवीकडचा निकाल लावला. मला पाढे मास्तरांच्या छडीच्या भीतीनं पाठ झाले, म्हणून बारा बारे एकशे चव्वेचाळीस चुकीचं ठरत नाही, आणि बरोबर आहे ते छडीमुळे बरोबर नाही. तर वाद सुरू असताना कोणी काही बोललं की मनातल्या मनात विचारायचं, हे कुठल्या बाजूला जाणार? एवढं जरी केलंत तरी अर्धा आवाज खाली येतो.

आता डावी बाजू भरायला घ्या. ही भरायला मजा येते कारण इथे अभ्यास करणाऱ्यांनी बरंच काम करून ठेवलंय.

संध्याकाळी अंधार पडताना वेताळ टेकडीवरून एकटं उतरताना झुडपात खसफस झाली तर तुमच्या डोक्यात पहिल्यांदा "वारा" येतो का "कोण आहे"? बहुतेकांच्या डोक्यात "कोण" येतं. १९४४ साली हायडर आणि सिमेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली होती, तिच्यात दोन त्रिकोण, एक गोल आणि एक चौकट, बाकी काही नाही. बघणाऱ्यांनी काय सांगितलं, तर मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, गोल घाबरलाय, छोटा त्रिकोण त्याला वाचवतोय. म्हणजे कागदी आकारांनासुद्धा आपण इच्छा, राग, लोभ चिकटवतो. जस्टिन बॅरेटसारख्या काही अभ्यासकांचं म्हणणं असं की वाऱ्याला वाघ समजलं तर नुकसान थोडं, वाघाला वारा समजलं तर जीवच जातो, म्हणून आपला मेंदू "इथे कोणीतरी आहे" या बाजूला जरा जास्तच झुकलेला राहिला आणि त्यातून न दिसणारे कर्तेधर्ते सुचायला लागले. गोष्ट पटते मला, पण एक सांगते, ती गोष्ट म्हणून जेवढी छान आहे तेवढा तिचा पुरावा भक्कम नाही, त्यामुळे भाच्यानं ती ब्रह्मवाक्य असल्यासारखी आजीच्या तोंडावर फेकू नये.

दुसरी नोंद लहान मुलांवरून. डेबोरा केलेमन या बाईंनी मुलांना विचारलं की खडक टोकदार का असतात, तर मुलांना "प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून" अशा पद्धतीचं उत्तर जास्त आवडलं, माती दगडांचे थर साचत गेले वगैरे त्यांना बोअर. "कशासाठी" हा प्रश्न आपल्याला जन्मापासून गोड लागतो. शाळेत तो थोडा दाबला जातो, पण जात नाही.

तिसरी नोंद अनिश्चिततेची. मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, तिथे त्याला दिसलं की आतल्या शांत खाडीत मासे धरायला कोणी मंत्रतंत्र करत नाही, तिथे हमखास मासे मिळतात. पण उघड्या समुद्रात, जिथे जीव जाऊ शकतो आणि मासे मिळतील का नाही याचा भरवसा नाही, तिथे निघताना सगळे विधी होतात. हे पुण्यात बसून तपासायला बेटावर जायला नको. सदाशिव पेठेत एमपीएससी करणारी मुलं बघा, प्रिलिमच्या आधी आणि निकालाच्या आधी. लायब्ररीत रोज जाऊन बसायला कोणी नवस बोलत नाही, ते आपल्या हातात असतं. कटऑफ हातात नसतो.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी, म्हणजे आपण बघून मानतो. मुलाला कोणी देव आहे हे पटवून देत नाही. त्याला दिसतं की आजोबा आजारी असताना पण सकाळी पूजा चुकवत नाहीत, शेजारचे काका रजा टाकून आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालत जातात, पायाला फोड आणून हसत परत येतात. जोसेफ हेन्रिक या अभ्यासकानं २००९ साली मांडलं की नुसतं बोलणाऱ्यापेक्षा जो पदरचं काहीतरी घालवतो त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो, आणि श्रद्धा पुढच्या पिढीत अशी जाते. उलटंही खरं, ज्या घरात देव फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर असतो त्या घरातली मुलं पुढे फार मानत नाहीत, निदान माझ्या ओळखीतलं तरी असंच आहे.

एवढं भरलं की डावी बाजू बंद करा. देव नाही असं यातून सिद्ध झालेलं नाही, आहे असंही नाही.

आता उजवी बाजू. इथे चाचण्या आहेत.

पहिली चाचणी, उलटं करून बघा. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा मुलगा नवले पुलाच्या अलीकडे टू-व्हीलरवरून पडला, मागून ट्रक येत होता, तो जेमतेम थांबला, मुलाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. काकू दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आल्या, "दगडूशेठनंच वाचवलं गं." पेढा खाऊन मी विचारलं, "काकू, पाय मोडला असता तर?" "तर म्हटलं असतं पायावर निभावलं, त्याचीच कृपा." "आणि त्याहून वाईट झालं असतं तर?" काकू थांबल्या, मग म्हणाल्या, "मग आमचे भोग. दुसरं काय म्हणणार?" आणि स्वतःच हसल्या, "तुला कळतंय मला, तू मला कुठे नेत्येस ते."

काकू हुशार आहेत. त्यांच्या तिन्ही उत्तरांना काम आहे, पहिलं आभार मानायचं, दुसरं धीर द्यायचं, तिसरं सोसायचं. पण तिन्ही निकालांना जे उत्तर चालतं ते हाच निकाल का लागला हे सांगू शकत नाही, कारण त्याला कुठलाच निकाल वर्ज्य नाही. आता याच्या शेजारी दुसरं उत्तर ठेवा. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत रस्ता सलग उताराचा आहे, डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. हे उत्तर चुकू शकतं. सपाट रस्त्यावर पण तेवढेच ट्रक असेच बेकाबू होत असते तर हे उत्तर पडलं असतं. आणि ते चुकू शकतं म्हणूनच त्यातून काहीतरी करता येतं, उतारावर वेगाची मर्यादा घाला, गाडी गिअरमध्ये ठेवायला लावा.

ही चाचणी परदेशातून आणलेली आहे असं कोणी म्हणालं तर त्याला न्यायदर्शनाकडे, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राकडे, पाठवा. धूर दिसला म्हणून डोंगरावर आग आहे असं म्हणायचं तर आपल्या नैयायिकांना दोन दाखले लागायचे, एक स्वयंपाकघराचा, जिथे धूर आहे आणि विस्तवही आहे, आणि दुसरा तळ्याचा, जिथे विस्तव नाही आणि धूरही नाही. आपल्याकडे लोक स्वयंपाकघर दाखवतात आणि थांबतात. नवस बोलला आणि मुलगा पास झाला, झालं स्वयंपाकघर. नवस न बोलता पास झालेले, बोलून नापास झालेले, यांचं तळं कोणी बघायला जात नाही.

तेव्हा दुसरी चाचणी, तळं मोजा. नवसाचं कोणी मोजलेलं नाही, पण प्रार्थनेचं मोजलंय. अमेरिकेत २००६ साली हृदयाची बायपास झालेल्या १८०२ पेशंटवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, तीन गट केले होते. एका गटासाठी लोकांनी प्रार्थना केली, एकासाठी नाही, आणि या दोन्ही गटांना फक्त एवढंच सांगितलं की होईल किंवा नाही होणार. तिसऱ्या गटासाठी केली आणि त्यांना तसं स्पष्ट सांगितलंही. पहिल्या दोन गटांत ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झालेले ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्यात ५९ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चाललीये म्हणजे आपली केस गंभीर आहे असं वाटून टेन्शन आलं असेल, असा एक अंदाज आहे. आता भाविक माणूस यावर म्हणेल की देवाची परीक्षा घेतात का अशी, आणि हे म्हणणं मला अजिबात फालतू वाटत नाही, पण मग ज्याची परीक्षा घेता येत नाही त्याचं मार्कशीट पण दाखवायचं नाही एवढीच अट.

तिसरी चाचणी, हात लावून बघा. २१ सप्टेंबर १९९५ आठवतंय का, गणपती दूध प्यायला लागला होता तो गुरुवार? देशभर देवळांपुढे रांगा, ऑफिसं रिकामी. घरी करून बघा. गणपतीच नको, एखादा पितळी हत्ती किंवा नदीतला गुळगुळीत गोटा पण चालेल. तो आधी ओला करा. चमचा दुधानं काठोकाठ भरा, दुधात चिमूटभर कुंकू कालवा. चमच्याची कड सोंडेला किंवा गोट्याला नुसती टेकवा आणि अगदी किंचित कलता करा. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि ओल्या पृष्ठभागावरून इतक्या पातळ थरानं खाली उतरतं की साध्या पांढऱ्या दुधात ते दिसतच नाही. कुंकू घातलं की लाल ओघळ दिसतो. त्या वेळी दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी पण दुधात रंग घालूनच दाखवलं होतं. मुलांबरोबर करायला भारी प्रयोग आहे, फक्त आजीच्या देव्हाऱ्यातली मूर्ती न विचारता उचलू नका, तो वेगळाच वाद होईल आणि त्यात आजी बरोबर असेल.

चौथी चाचणी, या उत्तरानं पुढचं काही दिसतं का. देवी म्हणजे स्मॉलपॉक्सचे फोड अंगावर येतात तो देवीचा कोप, त्या रोगाची देवी शीतळा, तिला शांत करा, कडुलिंबाचा पाला ठेवा, हे आपल्याकडे शेकडो वर्षं चाललं. आता बघा, कोप हे उत्तर धरलं तर गाईंच्या धारा काढणाऱ्या बायकांना देवी का येत नाहीत याचं काही सांगता येत नाही. एडवर्ड जेन्नरनं १७९६ साली हाच धागा धरला, गाईची सौम्य देवी होऊन गेली की माणसाची होत नाही, आणि तिथून लस आली. भारतात शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. मात्र इथे एक गंमत भाच्यालाही सांगा. जेन्नरच्या आधीपासून बंगालकडे टिकादार घरोघरी फिरून देवीच्या खपलीतलं द्रव्य टोचायचे आणि बरोबर शीतळेची पूजा पण करायचे. म्हणजे श्रद्धा असली की माणूस हात बांधून बसतो असं काही नाही. टोचणं काम करत होतं आणि पूजा माणसाला टोचून घ्यायचा धीर देत होती, दोन्ही एकाच ओसरीवर.

पानशेतचं पण तसंच. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं ते कशाचा कोप झाला म्हणून, असल्या गोष्टी जुन्या पेठांत ऐकायला मिळतात. धरण पुरतं बांधून व्हायच्या आत भरलं, पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं, बांध खचत गेला, आणि जवानांनी वाळूची पोती रचून त्याचं फुटणं काही तास लांबवलं. पोती कोपावर रचता येत नाहीत.

इथपर्यंत आलात की समोरचा शहाणा असेल तर म्हणेल, ट्रक आणि धरणाचं सोड, मुळात हे सगळं जग आहेच का? काहीच नसतं तर? हा प्रश्न खरा आहे आणि यावर उगाच खांदे उडवू नका. उदयनाचार्य या नैयायिकानं हजारेक वर्षांपूर्वी बाकी युक्तिवादांबरोबर हाही मांडला, मडक्याला कुंभार लागतो, जग हे पण घडलेलं कार्य आहे, तेव्हा त्याचा कर्ता हवा. त्याला विरोध करायला नास्तिकच लागले असं नाही, वेद प्रमाण मानणारे मीमांसक म्हणायचे की जग एकूण कधी सुरूच झालं नाही, ते कायम आहे, कर्ता कशाला. आणि सांख्य दर्शनवाल्यांचं काम प्रकृती (जड द्रव्य) आणि पुरुष (चेतन) या दोघांवर भागायचं, त्यांना वेगळा कर्ता लागायचा नाही. तिकडे इंग्लंडात १८०२ साली विल्यम पेली या धर्मगुरूनं मडक्याऐवजी घड्याळ धरलं, घड्याळाला घड्याळजी लागतो तसा जगाला कर्ता, १८५९ साली डार्विननं दाखवलं की डोळ्यासारखी किचकट चीज घडायला घड्याळजी लागत नाही, पण जीवसृष्टी सुरू व्हायच्या आधीचं सगळं त्यातून सुटत नाही, आणि "काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे" याला फिजिक्सकडेही आज उत्तर नाही.

मग तिथे देव ठेवायचा का? ठेवा, पण दोन गोष्टी विचारून. एक, देव स्वतः का आहे याला "तो आहेच" हे उत्तर चालत असेल तर तेच उत्तर जगाला का चालत नाही? दुसरी, मला जास्त महत्त्वाची वाटते ती, हा जो सगळ्या असण्याच्या मुळाशी असलेला, निर्गुण, शब्दांत न सापडणारा देव तुम्ही वादात काढला, तोच संध्याकाळी तुळशीबागेपाशी पार्किंग मिळवून देतो का? कारण वादात माणसं या दोघांत फार सफाईनं ये-जा करतात. नवसाची चाचणी लावली की देव निर्गुण होतो, आणि चाचणी संपली की परत पेढे वाटायला सगुण होतो. दोन्हींपैकी कुठलाही माना, पण एका वेळी कुठल्याबद्दल बोलतोय ते कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा.

आता नास्तिकांनी आणि "मी स्पिरिच्युअल आहे, रिलिजस नाही" वाल्यांनी फार खूश व्हायचं कारण नाही, याच चाचण्या त्यांनाही. "योगायोग" हे उत्तर पण पुष्कळदा तितकंच पोकळ असतं, शक्यता किती होती ते सांगितल्याशिवाय योगायोग म्हणणं म्हणजे नुसतं लेबल बदलणं. "निसर्ग आपला समतोल साधतो", "युनिव्हर्सची एनर्जी", "व्हायब्रेशन" यांचीही उलटं करून बघा, सगळ्या निकालांना चालतात. आणि क्वांटम हा शब्द आला की त्या माणसाला शांतपणे एक समीकरण लिहायला सांगा, आमच्या सकाळच्या ग्रुपमधले एक काका त्यानंतर टेकडीवर वेगळ्या वेळी यायला लागले.

घरात बोलायची रीत थोडक्यात. वडीलधाऱ्यांना "तुमचं चुकतंय" म्हणू नका, "हे असं झालं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?" असं विचारा, उत्तर त्यांनाच देऊ द्या. आरती चालू असताना उभं राहायला काही बिघडत नाही, टाळ वाजवायला तर मजाच येते. दवाखान्यात, आयसीयूच्या बाहेर, किंवा घरात दहावा-तेरावा चालू असताना यातलं एकही वाक्य उच्चारू नका. तिथे कोणी "देवाची मर्जी" म्हणालं तर ते उत्तर म्हणून म्हटलेलं नसतं, आणि जे उत्तर नाहीच त्याला चाचण्या लावणारा माणूस मला तरी अडाणी वाटतो.

अपवाद एकच. "देवाने सांगितलंय" म्हणून कोणी पैसे मागत असेल, औषध बंद करायला लावत असेल, बाईच्या अंगात भूत आहे म्हणून मारत असेल, तर कागद, रेघ, चमचा सगळं बाजूला ठेवा. नरेंद्र दाभोलकरांची भूमिका आयुष्यभर हीच होती की देव मानण्याला आमचा विरोध नाही, देवाच्या नावावर लुबाडण्याला आहे, आणि त्यांना २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेले असताना आपल्याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजार ते ५० हजार. तक्रार पोलीस ठाण्यात होते, जाताना त्या बाबाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि डॉक्टरांची जुनी प्रिस्क्रिप्शन्स बरोबर घेऊन जा, आणि मेसेज डिलीट करू नका, घरातलं कोणी "जाऊ दे, बाबा कोपतील" म्हणालं तरी.